चारं काळी होईपर्यंत

अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळापासून फार लांब नाही अशा एका बोळात आमचं घर होतं. दिवाळीच्या आठवडाभर आधी स्वयंपाकघरात करंज्यांची बैठक बसायची. लाटणं काकूकडे, सारण भरायचं काम आईकडे, कातणं फिरवायला आम्ही मुलं. खोबरं, खसखस, पिठीसाखर यांना कोणीही हात लावला तरी चालायचं. चारोळीची वाटी मात्र आजीच्या मांडीजवळ असायची आणि ती स्वतः मोजून चारोळ्या टाकायची. "एका करंजीत पाच. सहावी टाकली त माह्या नजरेतून सुटनार नाही," असा दम आधीच दिलेला असायचा. मग करंजी खाताना आम्ही पाच दाणे खरोखर लागतात का ते मोजत बसायचो.

ती चारोळी दुकानातली नसायची. आजोबांचे एक स्नेही अकोटला राहत. उन्हाळा सरता सरता ते खांडव्याहून येणाऱ्या मीटरगेजच्या गाडीनं अकोल्याला उतरायचे आणि मांजरपाटाच्या पिशवीत शेरभर चारोळी आणून द्यायचे. हीच गाडी उलट दिशेला अकोट, हिवरखेड करत पुढे धूळघाटात शिरायची आणि मेळघाटच्या रानातून सातपुडा ओलांडून पलीकडे उतरायची. गाडी इतिहासजमा झाली, स्नेही गेले, आजीही गेली. यंदा मी चारोळी आणायला जुन्या शहरातल्याच किराणा दुकानात गेलो. पन्नास ग्रॅमची पुडी, सव्वाशे रुपये. म्हणजे किलोला अडीच हजार, काजू-बदामाच्या दुपटीहून जास्त. एवढी महाग का, असं विचारल्यावर दुकानदार तराजूवरून नजर न काढता म्हणाला, "भाऊ, चारोळी कोन पिकवते? ते त रानातून येते."

या एका वाक्यात चारोळीचं सगळं अर्थशास्त्र आलं. आपल्या फराळाच्या ताटातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस कोणीतरी पेरलेला असतो. हरभरा, गहू, तीळ, खसखस, नारळ, काजू, वेलदोडे, सगळं शेतातलं किंवा बागेतलं. चारोळी बहुतांशी अजूनही रानातून वेचून येते. तिचं बी कोणी पेरत नाही, खत घालत नाही, पाणी देत नाही. आणि जी वस्तू कोणी पेरत नाही, पण सगळ्यांना हवी असते, तिचं पुढे काय होतं, हा या लेखाचा विषय आहे.

(जाता जाता: मोबाइलवर 'चारोळी' शोधू गेलो तर आधी चार ओळींच्या कविताच समोर येतात. चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'नं त्या शब्दाला जी लोकप्रियता दिली, तिच्यापुढे बिचाऱ्या झाडाचं नाव मागे पडलं आहे. शहरातल्या एखाद्या मुलाला चारोळी झाडाला लागते की वेलीला, हे विचारून पाहा.)

झाडाला लागते. त्या झाडाला वऱ्हाडात आणि विदर्भात 'चार' म्हणतात आणि त्याच्या फळांना 'चारं'. हिंदी मुलखात त्याच फळाला अचार आणि आतल्या दाण्याला चिरोंजी. संस्कृतात प्रियाल. शास्त्रीय नाव बुकॅनॅनिया लांझान. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशात आणि पुढे म्हैसूर प्रांतात फिरून वनस्पतींच्या नोंदी करणारे फ्रान्सिस बुकॅनन यांच्यावरून या प्रजातीचं नाव पडलं. कूळ आंब्याचं. म्हणजे आंबा, काजू, बिब्बा आणि चार ही एकाच घरातली भावंडं आहेत. बिब्बा आणि काजू यांच्या कवचातला अंगावर उठणारा चीक पाहिला की चार हे त्या घरातलं सगळ्यात सोशिक पोर वाटतं.

मेळघाटात गाविलगडच्या डोंगररांगांत साग, ऐन, धावडा, सालई, मोह, तेंदू यांच्या संगतीनं चार उभं असतं. दहा-पंधरा मीटर उंचीचं, फार डौलदार नाही. ओळखायचं ते सालीवरून: काळपट, जाड आणि चौकोनी भेगा पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. पानं जाड, चामड्यासारखी. थंडी ओसरताना, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, फांद्यांच्या टोकांना बारीक पांढुरक्या-हिरवट फुलांचे तुरे येतात. कालिदासाला हे तुरे माहीत होते. 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गात अकाली वसंत अवतरतो, तेव्हा प्रियालाच्या मंजिऱ्यांचे परागकण डोळ्यांत जाऊन हरणांना दिसेनासं होतं, असं वर्णन आहे. ज्यानं हे झाड फुललेलं पाहिलं आहे त्यालाच हे सुचेल, असं मला नेहमी वाटतं.

एप्रिल-मेमध्ये फळं पिकतात. करवंदाहून थोडं लहान फळ, आधी हिरवं, मग लालसर आणि शेवटी जांभळं-काळं. काळं झालेलं चार तोंडात टाकलं की आंबट-गोड पातळ गर जिभेवर येतो आणि दाताखाली येते ती दगडासारखी टणक बी. कोरकू पोरं गर चोखून बी खिशात टाकतात, कारण तिची किंमत त्यांना ठाऊक असते. अस्वलाला ती ठाऊक नसते. मध्य भारतातल्या रानांत उन्हाळ्यात अस्वलांच्या विष्ठेत चाराच्या बिया हमखास सापडतात. फळ एका टेकडीवर खाल्लं, बी दुसऱ्या टेकडीवर पडली. पाखरंही हेच काम करतात. या झाडाला दुसरा माळी नाही.

आता त्या बीपासून आपल्या वाटीपर्यंतचा प्रवास. वेचलेली फळं रात्रभर पाण्यात भिजवतात, सकाळी चोळून साल आणि गर काढतात, बिया धुऊन उन्हात कडकडीत वाळवतात. या वाळक्या, कवचासकट बियांना बाजारात 'गुठली' म्हणतात. गुठली फोडणं ही कौशल्याची गोष्ट. कवच फुटलं पाहिजे आणि आतला नाजूक दाणा अख्खा राहिला पाहिजे. हातानं फोडायची तर जात्याच्या दोन तळ्यांमध्ये अंतर नेमकं ठेवावं लागतं. अंतर जास्त झालं तर बी तशीच घरंगळून बाहेर येते, कमी झालं तर पीठ होतं. मग चाळणी, मग सूप. साधारण चार-पाच किलो गुठलीतून किलोभर चारोळी हाती लागते. या कामाला आता यंत्रं आली आहेत, तरी शेवटी तुकडे, कवचं आणि खवट दाणे निवडायला बाईमाणसाचे डोळे आणि बोटंच लागतात.

दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं आणि पाचवा हिस्सा प्रथिनं. म्हणूनच ती कुटून दुधात घातली की बासुंदी दाट लागते, आणि म्हणूनच ती डब्यात पडून राहिली की लवकर खवट होते. कवचात असेपर्यंत मात्र टिकते. चरकसंहितेत थकवा घालवणाऱ्या दहा द्रव्यांची एक यादी आहे. त्यात द्राक्ष, खजूर, बोर, डाळिंब, ऊस यांच्या बरोबरीनं प्रियाल आहे. वेचणाऱ्या, चोळणाऱ्या, फोडणाऱ्या बायकांचा थकवा घालवायला त्यातली किती त्यांच्या वाट्याला येते, हा हिशेब चरकानं मांडलेला नाही. बस्तरकडे तर एके काळी मापाला माप मीठ देऊन चारोळी नेत, असं सांगतात.

बुकॅनॅनिया प्रजातीत पंचवीस-तीस जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक सदाहरित वर्षावनांत वाढतात: केरळच्या घाटांत, मलाया-इंडोनेशियात, थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत. तिथले आदिवासीही या जातींची फळं खातात. आपलं चार त्या घराण्यातलं कोरड्या, पानगळीच्या रानाला सरावलेलं झाड. पण वर्षावनातल्या एका वेगळ्याच झाडाची हकिकत मला चारोळीच्या संदर्भात फार बोलकी वाटते. ते झाड आहे ॲमेझॉनचं, ब्राझील नटचं.

ब्राझील नट हा दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनाचा महावृक्ष. चाळीस-पन्नास मीटर उंच, शेकडो वर्षं जगणारा. त्याचं फळ नारळाएवढं, लाकडासारख्या कवचाचं, दोन किलोपर्यंत वजनाचं. फूल आल्यापासून फळ पिकायला वर्षाहून जास्त काळ जातो. फोडलं की आत संत्र्याच्या फोडींसारख्या रचलेल्या दहा-पंचवीस बिया. जगभरच्या दुकानांत मिळणारा हा सुकामेवा आजही मुख्यतः रानातूनच वेचून येतो. त्याची लागवड करायचे प्रयत्न झाले, पण रानातल्या विशिष्ट मधमाश्यांशिवाय त्याला नीट फळ धरत नाही. त्याचा माळी आहे अगूटी नावाचा सशाएवढा उंदीरवर्गीय प्राणी. ते टणक फळ कुरतडून उघडणं त्यालाच जमतं. थोड्या बिया खातो, बाकीच्या पुढच्या दिवसांसाठी जमिनीत पुरून ठेवतो आणि त्यांतल्या काही विसरतो. त्या विसरलेल्या बियांतून नवी झाडं येतात.

बरीच वर्षं जग असं मानत होतं की ब्राझील नट वेचणं म्हणजे रान न तोडता रानातून कमाई करण्याचा आदर्श नमुना. झाड उभं राहतं, माणसाचं पोट भरतं, दोघंही सुखी. २००३ च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कार्लोस पेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियातल्या तेवीस ठिकाणच्या ब्राझील नटच्या झाडांची मोजणी केली होती. जिथे कित्येक दशकं बिया भरपूर वेचल्या गेल्या होत्या, तिथे मोठी, जुनी झाडं डौलात उभी होती, पण कोवळी, तरणी झाडं जवळजवळ नव्हती. जिथे वेचणी कमी होती, तिथे लहान-मोठी सगळ्या वयांची झाडं होती. रान बाहेरून हिरवंगार दिसत होतं आणि आतून म्हातारं होत चाललं होतं. पुढे इतर अभ्यासकांनी काही भागांत यापेक्षा आशादायक चित्रही दाखवलं. शेती पडीक टाकलेल्या जमिनीवर रोपं उलट चांगली येतात, असं आढळलं. वाद चालू आहे. पण प्रश्न एकदा विचारला गेला तो गेलाच: सगळ्या बिया आपण खाल्ल्या तर झाड कशातून यायचं?

हाच प्रश्न मेळघाटात, किंबहुना चारोळी येते त्या साऱ्या मध्य भारतात विचारायचा, तर गोष्ट आणखी अवघड होते. कारण ब्राझील नटच्या वेचणाऱ्याला एक गोष्ट आपसूक करावी लागते, ती म्हणजे वाट पाहणं. पन्नास मीटर उंच झाडावर चढून कच्चं फळ तोडणार कोण? फळ पिकतं, देठ सुटतो, ते धाडकन खाली पडतं, तेव्हाच माणूस झाडाखाली जातो. झाडाची उंचीच त्याला शिस्त लावते. आपलं चार हाताच्या उंचीवर फांद्या टेकवून उभं असतं. त्याला शिस्त लावणारं काही नाही.

पिकलेलं चार मे महिन्यात काळं होतं, पण वेचणी कित्येक ठिकाणी मार्चअखेर-एप्रिललाच सुरू होते, फळं हिरवी असताना. कारण साधं आहे. झाड कोणाचंच नाही. मी आज थांबलो तर उद्या शेजारच्या गावचा नेईल, तो थांबला तर तिसरा नेईल. मग सगळेच जण आधल्या दिवशी जातात, पुढच्या वर्षी आणखी एक दिवस आधी. घाईत फळं एकेक तोडणं परवडत नाही, म्हणून फांद्याच छाटून खाली आणतात. छाटलेल्या फांदीला पुढची दोन-तीन वर्षं तुरा नाही. कच्च्या फळातली बी भरलेली नसते. दाणा बारीक, सुरकुतलेला, तेल कमी, भाव कमी, आणि रुजण्याच्या दृष्टीनं तर ती मेलेलीच. म्हणजे वेचणाऱ्याला कमी पैसा, खाणाऱ्याला हलका माल, अस्वलाला काही नाही आणि रानाला तर त्याहून काही नाही. यात फायदा कोणाचा, हे मी पुष्कळ शोधलं. कोणाचाच होत नाही, आणि तरीही ते घडत राहतं.

आदिवासींना दोष देऊन मोकळं होणं शहरातल्या माणसाला सोपं असतं. मी स्वतः पूर्वी तसं लिहिलं-बोललो आहे. पण हेच कोरकू, गोंड लोक पिढ्यान्‌पिढ्या चारं काळी झाल्यावरच खात होते, कारण गरासाठी खायचं तर ते पिकल्याशिवाय गोड लागतच नाही. हिरवी तोडायची सवय लावली ती बीच्या बाजारानं. गर फेकून द्यायचा आणि बी विकायची म्हटल्यावर पिकण्याची वाट कशाला पाहायची? शिवाय उन्हाळा हा मेळघाटात हाताला काम नसण्याचा काळ. मोह संपलेला, तेंदूपानं यायची, रोजगार हमीचं काम निघेल तेव्हा निघेल. त्या दिवसांत व्यापारी आगाऊ पैसे देतो आणि 'आत्ताच आण' म्हणतो. दुसऱ्याच्या आगाऊ पैशावर चूल पेटलेली असताना फळ काळं होण्याची वाट कोण पाहील?

सरकारनं २०१३-१४ पासून गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली आणि तिच्यात चारोळीची गुठली घातली. २०२० साली तिचा दर किलोला १२६ रुपये ठरला. आता हिशेब मांडू. पाच किलो गुठली, ६३० रुपये. त्यातून किलोभर चारोळी. मी जुन्या शहरात दिली ती किंमत अडीच हजार. यातला सगळा फरक कोणाच्या खिशात गेला असं म्हणता येणार नाही. फोडणी, घट, निवडणी, वाहतूक, खवटपणाचा धोका, चार हातांतून फिरणारा माल, हे सगळं त्यात आहे. तरी गुठली फोडून दाणा विकणारा आणि गुठलीच विकणारा यांच्यात किती अंतर आहे, हे यातून दिसतं. मेळघाटातल्या पाड्यावर एक चांगलं फोडणीयंत्र आणि खरेदीसाठी थोडं खेळतं भांडवल असलं, तर त्या अंतरातला बराच भाग गावात राहील.

'झाड कोणाचंच नाही' हे वाक्य मात्र कायद्यानं बदललं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी आणि ते विकण्याचा अधिकार वनवासींना दिला. इतकंच नाही, तर गावाला आपल्या परंपरागत जंगलाचं राखण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्कही दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये हा हक्क मिळवला, ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्या वऱ्हाडातलं उदाहरण कमी ठाऊक आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर या कोरकूवस्तीच्या गावाला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथली जमीन तेव्हा उजाड होती. परतवाड्याच्या 'खोज' संस्थेच्या साथीनं ग्रामसभेनं चराई आणि तोड आवरली, पाणी अडवलं, झाडं लावली, आणि काही वर्षांत गावची सीताफळं बाहेरच्या बाजारात चांगल्या भावानं जाऊ लागली. २०१४ मध्ये पायविहीरला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी निगडित जैवविविधता पुरस्कारही मिळाला.

सीताफळ आणि चार यांत फरक आहे. सीताफळ तीन-चार वर्षांत फळ देतं, चार सावकाश वाढतं. पण नियम तोच. आपल्या हद्दीतली झाडं कोणती आणि ती तोडायची कधी, हे गावानं एकत्र बसून ठरवलं, तर 'मी थांबलो तर दुसरा नेईल' ही भीती निघून जाते. मग अमुक तारखेच्या आधी चाराला हात लावायचा नाही, फांदी छाटायची नाही, दर झाडावर वरच्या फांद्यांची फळं ठेवायची, असे नियम करता येतात. आपल्या खेड्यांत गावरान बोरी आणि जांभळीच्या बाबतीत असे नियम कागदावर न लिहिता पाळले जात होते, हे पन्नाशी उलटलेल्या वाचकांना आठवत असेल.

दुसरा मार्ग लागवडीचा. या बाबतीत काजूची गोष्ट आठवते. काजू आपला नाही, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणला. आज कोकणात त्याच्या बागा आहेत. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं 'वेंगुर्ला ४', 'वेंगुर्ला ७' अशा जाती दिल्या आहेत, कलमं मिळतात, कर्ज मिळतं. त्याच घराण्यातलं, इथल्याच मातीतलं चार मात्र रानात राहिलं. फार उशिरा का होईना, गुजरातेत गोध्र्याच्या केंद्रीय बागायती प्रयोग केंद्रानं चारोळीची 'थार प्रिया' ही जात निवडून दिली आणि मृदुकाष्ठ कलमाचं तंत्र बसवलं. ही मोठीच गोष्ट आहे. कारण बीपासून चार वाढवणं चिवट काम आहे. कवच इतकं टणक की कोंब बाहेर पडायला महिने लागतात, तोवर बुरशी दाणा खाते, आणि वर्षभरात बीची रुजण्याची ताकद बरीचशी संपते. रानात जुन्या झाडांच्या मुळांपासूनही फुटवे येतात, म्हणून चार अजून तग धरून आहे. पण फुटव्यातून येतं ते तेच झाड पुन्हा. नवा वाण, नवी ताकद बीतूनच येते. आणि जी थोडी रोपं उगवतात, त्यांना मोहाची फुलं दिसावीत म्हणून लावलेला मार्चमधला वणवा पोहोचतो.

म्हणून अकोल्यातल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या वनशेती शिकणाऱ्या मुलांनी एक साधं काम हाती घ्यावं असं मनापासून वाटतं. मोजपट्टी आणि वही घेऊन जायचं. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात विक्रीसाठी वनोपज काढायला मनाई आहे, तिथे चाराची फळं पाखरं आणि अस्वलं खातात. बाहेरच्या रानात माणूस वेचतो. दोन्ही ठिकाणी चाराच्या खोडांचे घेर आणि रोपांची संख्या मोजायची. पेरेस यांनी ॲमेझॉनमध्ये केलं तेच, आणि आपल्या दारात. मेळघाट १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. पन्नास वर्षांचा प्रयोग निसर्गानं मांडून ठेवला आहे, मोजणारा पाहिजे.

या गाभ्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती अकोला जिल्ह्यात उतरली आहे. तिथे राहणारी गावं गेल्या पंचवीस वर्षांत खाली आणली गेली. आधी बोरी, कोहा, कुंड, पुढे धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी. त्यांचं पुनर्वसन अकोटच्या परिसरात झालं. कबूल केलेली जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणून काही गावकरी परत रानात गेले आणि २०१९ च्या जानेवारीत वनकर्मचारी-पोलिसांशी त्यांचा संघर्षही झाला. त्यात कोणाचं किती चुकलं हा वेगळ्या लेखाचा विषय. मला सांगायचं आहे ते त्यातल्या एका लहानशा गोष्टीबद्दल.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अशाच एका पुनर्वसित गावात गेलो होतो. सिमेंटची घरं, सरळ रस्ते, आणि चहूकडे काळी कपाशीची जमीन, उन्हानं भेगाळलेली. एका घराच्या ओट्यावर म्हातारी बसली होती. मी चारोळीबद्दल विचारायला आलो आहे म्हटल्यावर तिनं आत जाऊन एक गाडगं आणलं. त्यात मूठभर गुठल्या होत्या, रान सोडताना आणलेल्या. पहिल्या वर्षी तिनं त्यांतल्या काही घरामागे लावल्या होत्या. दोन उगवल्या. पावसाळ्यात त्यांच्या बुडाशी पाणी साचलं आणि दोन्ही सडल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. चाराला उताराची, मुरमाड, पाणी निघून जाणारी जमीन लागते. भर पावसात काळ्या जमिनीवर त्याचं मूळ गुदमरतं. तिला हे माझ्याआधी कळलं होतं. उरलेल्या गुठल्या आता उगवणार नाहीत, एवढ्या जुन्या झाल्या होत्या, हेही तिला ठाऊक होतं. तरी त्या तिनं टाकल्या नव्हत्या.

निघताना तिनं त्यातल्या पाच गुठल्या माझ्या हातावर ठेवल्या. मी मोजल्या. आजीच्या सवयीनं.